अस्सल कोल्हापुरीचा पत्ता

कोल्हापूरला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. चप्पल घ्यायची तर तिथेच घे. दुकानात शिरू नकोस, कारागिराच्या घरी जा. दलाल टळला की माल अस्सल मिळतो, स्वस्त पडतो आणि पैसा थेट कष्टकऱ्याच्या हातात जातो. भाव मात्र सांगतील त्याच्या निम्म्यापासून सुरू कर. पैठणीसाठी येवल्याला जाणाऱ्यालाही हेच सांगितलं जातं आणि लाकडी खेळण्यांसाठी सावंतवाडीला जाणाऱ्यालाही. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण या सल्ल्यातली गृहीतकं तपासून पाहिली की टिकत नाहीत. कोल्हापुरीच्या बाबतीत तर ती उघड उघड चूक आहेत.

आधी ‘तिथेच घे’चं पाहू. २०१९मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते एका शहराला नव्हे, आठ जिल्ह्यांना. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अर्जही दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून केला होता. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन घेऊन चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, शिरलं की जे जोड टांगलेले दिसतात, त्यांतले कितीतरी अथणी-निपाणीच्या बाजूने आलेले असतात. हे कळलं की आपल्याकडचे लोक नाक मुरडतात आणि ‘कर्नाटकी माल’ म्हणून तो बाद करतात. हा अन्याय आहे. १९५६पर्यंत निपाणी आणि अथणी मुंबई राज्यातच होती. सीमा नंतर आखली गेली, धंदा त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला आहे. शाहू महाराजांच्या काळात या व्यवसायाला आश्रय मिळाला, कोल्हापूर ही त्याची मोठी पेठ झाली आणि पेठेचं नाव मालाला चिकटलं. घडवणारे हात मात्र पहिल्यापासून गावोगाव विखुरलेले होते. कापशी, कुरुंदवाडी हे चपलांचे प्रकार गावांच्याच नावाने ओळखले जातात.

तेव्हा अस्सलपणाचा शोध दुकानाच्या पत्त्यात घेऊन उपयोग नाही, तो कातड्यात आणि शिवणीत घ्यावा लागतो. जुन्या पद्धतीत कातडं पिशवीसारखं शिवून टांगतात, आत बाभळीची साल आणि हिरडा यांचं पाणी भरतात आणि ते पाणी कातड्यात हळूहळू मुरू देतात. याला कित्येक आठवडे लागतात. कातडी कमावण्याचं हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाने केलं आणि चपला शिवण्याचं चर्मकारांनी. दोघांच्याही वाट्याला या कौशल्याबद्दल मानापेक्षा अवहेलनाच अधिक आली. ‘वारसा जपा’ म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. पुढची पिढी या कामातून बाहेर पडते त्यामागे कमी मिळकत आहे तशीच ही अवहेलनाही आहे.

आज हे कमावणंही सगळीकडे होत नाही. २०१५मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून कातड्याची चणचण वाढली आहे. बऱ्याच ठिकाणी कमावलेलं कातडं बाहेरून येतं, कधी रसायनांनी कमावलेलंही. म्हणजे कोल्हापूरच्या सुभाषनगरात कारागिराच्या उंबऱ्यावर बसून घेतलेली चप्पल बाहेरच्या कातड्याची असू शकते आणि सीमेपलीकडच्या खेड्यातून आलेली, हिरड्याच्या पाण्यात कमावलेल्या कातड्याची असू शकते.

मग पाहायचं काय? जोड आडवा धरून तळाची कड निरखावी. कातड्याचे थर एकावर एक बसलेले दिसतात आणि त्यांना बांधणारी कातड्याचीच वादी टाक्याटाक्याने आरपार जाताना दिसते. जुन्या रीतीच्या चपलेत खिळा नसतो. कड रंगाने पूर्ण लिंपून टाकलेली असेल तर आत काय आहे ते विचारावं, कारण थरांमध्ये पुठ्ठाही दडवता येतो. पट्ट्यावरच्या वेणीकडेही पाहावं. हे बारीक काम बहुतेक घरांत बायका करतात. वेणी हाताची असेल तर तिच्या पेडांत किंचित कमी-जास्तपणा असतो, पण ताण कुठे सुटलेला नसतो. साल-हिरड्याने कमावलेल्या कातड्याचा रंग मधासारखा असतो आणि तेल लावत गेलं की गडद होत जातो. करकर आवाजावर मात्र विसंबू नये. तळाच्या थरांत मुद्दाम तुकडा घालून तो आवाज काढता येतो. ती हौसेची गोष्ट आहे, अस्सलपणाचा पुरावा नव्हे.

आता दलालाचा मुद्दा. व्यापारी कारागिराला नाडतात, पैसे अडकवून ठेवतात, ही तक्रार खरी आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यावर प्रवाशाची एका जोडाची खरेदी हा उपाय नव्हे. कोल्हापुरी हे उन्हाळ्या-हिवाळ्यातलं पायताण आहे. पावसात ती कोणी घालत नाही, घातली तर फुगते, म्हणून त्या दिवसांत विक्री मंदावते. घर मात्र बारा महिने चालवावं लागतं. अशा वेळी माल उचलून ठेवणारा, कातड्यासाठी उचल देणारा व्यापारीच असतो. त्याचा जाच कमी करायचा तर कारागिरांची संघटना हवी, वेळेवर कर्ज हवं, ठरलेल्या दराच्या मोठ्या मागण्या हव्यात. सुट्टीत आलेल्या पाहुण्याने दारात येऊन व्यापाऱ्याला शिव्या घालाव्यात आणि दुकानापेक्षा कमी भाव मागावा, यातून कारागिराच्या पदरात काय पडतं? मधल्या माणसाचा हिस्सा वाचला तर तो कारागिराला मिळायला हवा. आपला सल्ला तर तो गिऱ्हाइकाच्या खिशात टाकायला सांगतो.

घासाघिशीचं खापर व्यापाऱ्यावरही फोडता येत नाही. भाव पाडला की खर्च कुठेतरी कमी करावाच लागतो. तळातला एक थर जातो, वादीच्या शिवणीऐवजी चिकटवणं येतं, कातड्याच्या जागी रेक्झीन येतं. मग तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी म्हणतं की हल्ली अस्सल मिळत नाही. बाजारात नकली माल वाढला त्यात आपल्या या सवयीचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’ या परदेशी कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि श्रेय दिलं नाही, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला. तो रास्त होता. मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही झाली. ती फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत हक्कदार नव्हते. डिसेंबरमध्ये त्या कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला आणि महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कारागिरांकडून मर्यादित संख्येने चपला करून घेण्याचं ठरलं. या प्रकरणातून मला दिसतं ते हे, की जिथे हक्काची नोंद होती आणि कारागिरांच्या बाजूने बोलायला संस्था होती, तिथेच काही पदरात पडलं. आणि परदेशी कंपनीकडे कारागिराच्या श्रमाचं मोल मागणाऱ्या आपण चप्पल लाईनीतही ते द्यायला हवं.

कोणी म्हणेल, मग कारागिराच्या घरी जाऊच नये का? जरूर जावं, पण तयार जोड स्वस्तात उचलायला नव्हे. कागदावर पाऊल ठेवून त्याची रेघ काढून घ्यावी, प्रकार ठरवावा, आगाऊ रक्कम द्यावी आणि चप्पल तयार होईपर्यंत थांबावं. जोड कुरिअरने मागवता येतो. असं मापाचं काम दुकान देऊ शकत नाही आणि त्याचे पूर्ण पैसे मोजायला कोणाचीही हरकत नसावी. ज्याला एवढा वेळ नाही, त्याने बेलाशक दुकानात जावं. कोणी बनवली, कुठे बनवली, कातडं कोणतं, हे सांगणारी क्यूआर कोडची खूण आता महाराष्ट्राच्या महामंडळाने काढली आहे. ती दुकानदाराकडे मागावी. नसेल तर हेच तीन प्रश्न तोंडी विचारावेत. उत्तरात अथणी आलं म्हणून हातातला जोड खाली ठेवू नये.