अशुभाला घातलेला वळसा

कडेगावचा परिसर १९४९पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, मग दक्षिण साताऱ्यात आला. १९६०मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. जिल्हा बदलला, तरी अशुभ गोष्ट थेट न बोलण्याचा पश्चिम महाराष्ट्राचा जुना रिवाज इथे टिकून राहिला. बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’ म्हणायचे. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. घरातून निघणारा माणूस ‘येतो’ म्हणूनच उंबरा ओलांडतो. रात्री साप दिसला तर ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ निघाले.

सर्वांत खोल वळसा रोगांना होता. पटकीची साथ म्हणजे मरीआईचा कोप. अंगावर फोड उठले की ‘देवी आल्या’. मुंबईत १८०२ साली पहिली लस टोचली गेली, पण गावोगाव ती ‘देवी काढणे’ म्हणूनच पोहोचली आणि टोचणारा सरकारी माणूस ‘देवी डॉक्टर’ झाला. या भाषेने भेदरलेल्या घरांना धीर दिला, हे खरे. पण देवीच्या आड येऊ नये, या भीतीने अनेकांनी लसही नाकारली, आणि ती किंमत मुलांनी मोजली. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला.

नवऱ्याच्या नावालाही असाच वळसा होता; बाई ते उखाण्यातच घेई. कचेरीत कारकुनाने विचारले, की ती सोबतच्या मुलाकडे बघे आणि नाव तो सांगे. शिकलेल्या मुली स्वतः अर्ज भरू लागल्या, तशी ही प्रथा सैल झाली.