दोनशे मीटर

शुक्रवार, 14 मे 2021, सकाळी 8:30
लक्षद्वीपजवळच्या कमी दाबाच्या क्षेत्राचे डिप्रेशन झाल्याची नोंद हवामान खाते करते. वादळ होणार आणि ते किनाऱ्याला समांतर, गुजरातच्या दिशेने सरकणार, हा अंदाज आधीच आलेला आहे. अक्षय तृतीया आणि रमजान ईद एकाच दिवशी आली आहे.

तोच दिवस, हीरा तेलक्षेत्र
मुंबईपासून सुमारे 70 किलोमीटरवर पी-305 उभा आहे. हा बार्ज ओएनजीसीच्या कामासाठी अॅफकॉन्स कंपनीने भाड्याने घेतलेला. त्यावर 261 माणसे आहेत. त्यांत वेल्डर, फिटर, रिगर, रंगारी, स्वयंपाकी. खलाशी मोजकेच. दिवसा तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम, रात्री बार्जवर मुक्काम. पावसाळा लागला की समुद्रातली बांधकामे थांबतात, त्यामुळे मे महिन्यातला एकेक दिवस मोलाचा असतो.

बार्जला स्वतःचे इंजिन नाही. नांगरांवर उभा राहतो. हलायचे तर टग ओढून नेणार. ओढत नेण्याचा वेग कमी, म्हणून इतर जहाजांनी उद्या निघायचे ठरवले तरी चालते, बार्जला आजच ठरवावे लागते.

त्या दिवशी ठरले ते असे: बंदरात परतायचे नाही, प्लॅटफॉर्मपासून 200 मीटर दूर सरकून थांबायचे. कंपनीच्या नंतरच्या निवेदनानुसार हा निर्णय बार्जच्या कॅप्टनचा होता. त्या जागी वारा जास्तीत जास्त 40 नॉटचा, म्हणजे ताशी 74 किलोमीटरचा असेल, असा हिशेब होता.

रात्री 11:30
डिप्रेशनचे चक्रीवादळ झाले. नाव तौक्ते, म्यानमारने सुचवलेले.

शनिवार, 15 मे
इतर अनेक जहाजे किनाऱ्याकडे निघून गेली. पी-305 जागेवरच. संध्याकाळपर्यंत वादळ ‘तीव्र’ झाले.

बचावलेल्या मुख्य अभियंत्याने नंतर पत्रकारांना सांगितले की इशारा आठवडाभर आधी मिळाला होता आणि आपण निघावे असे त्याने कॅप्टनला सुचवलेही होते. वारा फार वाढणार नाही, वादळ एक-दोन तासांत मुंबई ओलांडून जाईल, असे उत्तर त्याला मिळाले. इशारा पोहोचलाच नाही, असे या प्रकरणात कंपनीनेही म्हटलेले नाही.

समुद्र फक्त नकाशात पाहणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात बसून हे वाचताना 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवतेच. 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात सास्तूर आणि किल्लारी परिसर कोसळला तेव्हा एका मिनिटाचीही सूचना नव्हती. पी-305 च्या हाती 14 तारखेपासून मोजले तरी तीन दिवस होते.

रविवार, 16 मे, पहाट
वादळ ‘अतितीव्र’. अजूनही ते दक्षिणेला, गोव्याच्या बाजूला आहे. टग बोलावून निघण्याची वेळ मात्र जवळजवळ संपली आहे.

संध्याकाळ
हीरा क्षेत्रात समुद्र खवळू लागतो. कंपनीच्या निवेदनातही हवामान झपाट्याने बिघडल्याची वेळ हीच दिली आहे.

सोमवार, 17 मे, मध्यरात्रीनंतर
नांगर एकामागून एक तुटू लागतात. बांधलेला बार्ज आता मोकळा झाला आहे आणि त्याला दिशा देण्यासाठी काहीही नाही. आदल्या शुक्रवारी सुरक्षित वाटलेले अंतर 200 मीटर होते. वाहत गेलेला बार्ज निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळतो. तळाला भगदाड पडते, पाणी आत येऊ लागते.

सकाळ
वादळ मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. बातम्यांतला हा आकडा किनाऱ्यापासूनचा. बार्ज त्याहून कितीतरी जवळ होता. मदतीची हाक गेलेली असते. नौदलाच्या आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता या युद्धनौका निघतात. वाटेत त्यांनाही तोच समुद्र आहे.

मुख्य अभियंत्याच्या सांगण्यानुसार बार्जवर 16 लाइफ राफ्ट होते, पैकी 14 फाटलेले.

सकाळी 11
मुंबई विमानतळ बंद. कुलाब्यात दिवसभरात वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले.

दुपार
लाटा सहा ते आठ मीटर. एवढ्या लाटांत युद्धनौका बुडत्या बार्जला खेटून उभी करता येत नाही. बार्ज कलत जातो. माणसे लाइफ जॅकेट चढवून, एकमेकांना धरून वरच्या बाजूला गोळा होतात.

संध्याकाळ
पी-305 बुडतो. काहींनी आधी उड्या घेतल्या होत्या, बाकीचे आता पाण्यात आहेत. अंधार पडायला फार वेळ उरलेला नाही.

रात्री 8 ते 11
दीवजवळ तौक्ते जमिनीवर येते. वारा ताशी 160 ते 170 किलोमीटर. याच सुमारास हीरा क्षेत्रात नौदल अंधारात एकेक माणूस वर ओढते आहे. 11 वाजेपर्यंत साठच्या आसपास.

मंगळवार, 18 मे
हेलिकॉप्टर आता उडू शकतात. बरेच जण रात्रभर, दहा-दहा तास पाण्यात होते. सांताक्रूझला 24 तासांत 230 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जीएएल कन्स्ट्रक्टर या दुसऱ्या भरकटलेल्या बार्जवरच्या 137 जणांची सुटका झाली. वरप्रदा या टगवरचे 13 जण मात्र अजून सापडायचे होते. त्यांतले दोघेच वाचले.

पुढचे दिवस
मृतदेह रायगडच्या किनाऱ्यावर आणि थेट गुजरातमध्ये वलसाडपर्यंत लागले. काही इतके खराब झाले होते की ओळखीसाठी नातेवाइकांचे डीएनए नमुने घ्यावे लागले. पी-305 वरचे 186 जण वाचले. बार्ज आणि टग मिळून 86 मृत्यू झाले. पेट्रोलियम मंत्रालयाने तीन सदस्यांची समिती नेमली आणि तिला एक महिन्याची मुदत दिली. मुंबईच्या यलो गेट पोलीस ठाण्यात बार्जच्या कॅप्टनविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला, तेव्हा त्याचे नाव बेपत्तांच्या यादीत होते.