न छापलेला नियम

27 ऑगस्ट 1783 च्या संध्याकाळी पॅरिसपासून वीसेक किलोमीटरवरच्या गोनेस गावाच्या शिवारात आभाळातून एक गोळा येऊन पडला. दोन पुरुष उंचीचा, रेशमी कातडीचा. वाऱ्याबरोबर तो लोळत होता, मध्येच फुगत होता, मध्येच खचत होता, आणि फाटलेल्या जागेतून उग्र वास सोडत होता. गावकऱ्यांनी असे काही जन्मात पाहिले नव्हते. गवत उचलायचे लोखंडी काटे घेऊन ते त्याच्यावर तुटून पडले. गोळा निपचित झाल्यावर त्याच्या चिंध्या घोड्याच्या शेपटीला बांधून शिवारभर फरफटवल्या. पुढे सरकारने जाहीर पत्रक काढून लोकांना समजावले, की असे गोळे पुन्हा दिसतील, ती रेशमाची किंवा कागद लावलेल्या कापडाची यंत्रे आहेत, त्यांच्यापासून कोणाला अपाय नाही.

गावकऱ्यांचे काटे लागण्याआधीच तो फुगा फाटलेला होता. का फाटला, याचे उत्तर त्या वेळी सव्वाशे वर्षे जुने होते.

1660 च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट बॉइल हवेच्या मागे लागला होता. त्याचा हरहुन्नरी मदतनीस रॉबर्ट हूक याने त्याला हवा उपसणारा पंप करून दिला होता. बॉइलच्या मते हवेला स्प्रिंगसारखा स्वभाव असतो. लोकरीच्या ढिगावर हात दाबला तर लोकर खाली जाते आणि हात काढला की पुन्हा वर येते, तशी हवा. फ्रान्सिस लाइन नावाच्या जेझुइट पंडिताला हे पटले नाही. पाऱ्याचा स्तंभ वर धरून ठेवणारा एक अदृश्य दोरा असतो, असे त्याचे म्हणणे. त्याला उत्तर देण्यासाठी बॉइलने इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी घेतली. तिची आखूड बाजू बंद आणि लांब बाजू उघडी होती. नळी इतकी उंच, की खोलीत मावेना. प्रयोग जिन्यात करावा लागला. आखूड बाजूला 12 इंच हवा अडकली होती. लांब बाजूने पारा ओतत गेले, आणि त्या बाजूचा पारा 29 इंच जास्त चढला तेव्हा आतली हवा 6 इंचांवर आली होती. बाहेरची हवा आधीपासून साधारण 29 इंच पाऱ्याइतका दाब देतच होती. म्हणजे दाब दुप्पट झाला आणि जागा निम्मी. हे कोष्टक 1662 मध्ये छापले गेले. फ्रान्समध्ये याच नियमाला मारियॉटचे नाव मिळाले, कारण त्याने तो पुढे 1670 च्या दशकात मांडला आणि तापमान तेच असले पाहिजे ही अट स्पष्ट केली.

आता हे कोष्टक उलटे वाचले की गोनेसचा उलगडा होतो. वर जावे तसा बाहेरच्या हवेचा दाब कमी होत जातो, आणि बंद पिशवीतला वायू पसरू पाहतो. तो फुगा जमिनीवरच गच्च भरून त्याचे तोंड आवळून टाकले होते. पसरायला जागाच नव्हती. हल्ली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद केंद्रातून शास्त्रीय उपकरणांचे प्रचंड फुगे सोडतात. सुटताना त्यांचा फक्त माथा फुगलेला असतो आणि खालचे प्लॅस्टिक लांबलचक लोंबत असते. पाहणाऱ्याला फुगा अर्धवट भरलेला वाटतो. तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो, कारण त्याला वर जाऊन भरायचे असते.

गोनेसला पडलेला फुगा बनवणारा माणूस म्हणजे जाक शार्ल, अकरावीच्या पुस्तकात आपल्याला भेटणारा चार्ल्स. 1746 मध्ये बोझांसी गावी जन्मलेला हा गृहस्थ आधी अर्थखात्यात कारकून होता. ती नोकरी गेल्यावर पदार्थविज्ञान त्याने जवळजवळ स्वतःच शिकून घेतले, आणि पॅरिसमध्ये लोकांपुढे प्रयोग करून दाखवणारी त्याची व्याख्याने गाजू लागली. हाताचा नेमका, उपकरणांचा शौकीन आणि लेखणीचा आळशी. त्याचा हा शेवटचा गुण आपल्या गोष्टीत महत्त्वाचा आहे.

1783 मध्येच 4 जूनला फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या आनोने गावात कागदाचा कारखाना चालवणाऱ्या मॉन्गोल्फिए बंधूंनी एक मोठी पिशवी आकाशात चढवली होती. कापडाला आतून कागद लावलेला, तुकडे गुंड्यांनी जोडलेले, खाली पेंढा आणि लोकर जाळून केलेला धूर. धुरातच काही उचलणारे द्रव्य आहे, अशी त्यांची समजूत होती. खरे काम करत होती ती नुसती तापलेली, विरळ झालेली हवा. बातमी पॅरिसला पोहोचली ती अर्धवट. पिशवीत काय भरले होते, हे चार्ल्सला नीट कळले नाही. त्याच्या डोळ्यांपुढे एकच हलका वायू होता. हेन्री कॅव्हेंडिशने 1766 मध्ये ज्याचे वर्णन केले होते ती ‘ज्वलनशील हवा’, म्हणजे आपला हायड्रोजन, हवेच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याइतक्या वजनाचा. म्हणून चार्ल्सने हायड्रोजनचाच फुगा करायचे ठरवले. अपुऱ्या बातमीतून निघालेली ही वाट मूळ वाटेपेक्षा सरस ठरली, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत सुंदर वळण वाटते.

काम मात्र अवघड होते. हायड्रोजन साध्या कापडातून निसटून जातो. रॉबेर बंधू या कारागिरांनी टर्पेंटाइनमध्ये रबर विरघळवून ते रेशमावर चढवले. भूगर्भतज्ज्ञ फोझा द सँ-फाँ याने लोकवर्गणी गोळा केली. मग प्लास द विक्तुआर या चौकाजवळ सुमारे 500 किलो लोखंडाच्या तुकड्यांवर 250 किलो सल्फ्युरिक आम्ल ओतले गेले, आणि निघालेला वायू शिशाच्या नळीने फुग्यात सोडला. नळी हाताला पोळत होती. फुगा भरतोय असे वाटे, पण गरम वायू रेशमात जाऊन थंड झाला की अंग चोरून घेई, आणि पुन्हा आम्ल, पुन्हा लोखंड. जेमतेम 35 घनमीटरचा फुगा भरायला काही दिवस लागले.

जो नियम पुढे चार्ल्सच्या नावाने ओळखला जाणार होता, तो असा त्याच्याशी आधी भांडला. दाब तोच ठेवून वायू थंड केला की त्याचे आकारमान घटते; तापवला की वाढते. मोजमाप नंतरचे. ऑगस्टच्या त्या दिवसांत चार्ल्सला या घटीची किंमत आम्लाच्या पिंपांमध्ये कळत होती.

26 च्या रात्री मशालींच्या उजेडात फुगा शाँ द मार्सच्या मैदानावर नेला. आज तिथे आयफेल टॉवर आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तोफ झाली, पाऊस पडत होता, आणि भिजत उभ्या असलेल्या गर्दीसमोर फुगा ढगात दिसेनासा झाला. पाऊण तासाने गोनेस.

शरद ऋतू गरम हवेवाल्यांचा ठरला. 19 सप्टेंबरला व्हर्सायमध्ये मेंढी, बदक आणि कोंबडा आठेक मिनिटे उडून आले. 21 नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद ही दोन माणसे पहिल्यांदा मोकळ्या आकाशात तरंगली, खाली शेगडीत पेंढा कोंबत.

दहाच दिवसांनी, 1 डिसेंबरला, चार्ल्स स्वतः टोपलीत बसला. बरोबर धाकटा रॉबेर. या फुग्यात गोनेसचा धडा ओळीने शिवलेला दिसतो. व्यास साडेआठ मीटरांच्या आसपास. खालचे तोंड उघडे, म्हणजे पसरलेला वायू आपोआप बाहेर पडेल. माथ्यावर झडप, दोरी ओढली की वायू सुटून फुगा उतरेल. वर चढायचे तर टाकून द्यायला वाळूच्या पिशव्या. टोपली जाळ्याला टांगलेली. बरोबर बॅरोमीटर आणि थर्मामीटर. वायुफुग्याची ही रचना नंतर दीडशे वर्षे फारशी बदलली नाही. सुटण्याआधी चार्ल्सने वारा पाहण्यासाठीचा छोटा हिरवा फुगा एत्येन मॉन्गोल्फिएच्या हाती दिला आणि तो सोडण्याचा मान त्याला दिला. उड्डाण पॅरिसमधल्या तुइलरीच्या बागेतून होते; बागेत आणि भोवती लाखोंची गर्दी होती. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा पॅरिसमध्ये होता, त्यानेही हे उड्डाण पाहिले.

दोन तास आणि सुमारे 36 किलोमीटरांनंतर ते नेल गावाच्या कुरणात उतरले. सूर्य मावळत होता. घोड्यावरून पाठलाग करत आलेला शार्त्रचा ड्यूक धापा टाकत पोहोचला. रॉबेर उतरला, आणि चार्ल्सने एकट्याने पुन्हा वर जायचे ठरवले. एका माणसाचे वजन कमी झाल्याने फुगा उसळला. दहाएक मिनिटांत बॅरोमीटर 3000 मीटरांची उंची सांगू लागला. थंडी झोंबू लागली, उजव्या कानात आणि जबड्यात कळा येऊ लागल्या. कानामागे अडकलेली हवासुद्धा बॉइलचाच नियम पाळते. जमिनीवर मावळलेला सूर्य त्याला वरून पुन्हा दिसला आणि त्याच दिवशी दुसऱ्यांदा मावळताना त्याने पाहिला. अर्ध्या तासाने तो झडप उघडून सावकाश उतरला. त्यानंतर जन्मभर तो फुग्यात बसला नाही.

बसला तो प्रयोगशाळेत. 1787 च्या सुमारास त्याने ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि साधी हवा घेऊन पाहिले. बर्फाच्या पाण्यापासून उकळत्या पाण्यापर्यंत तापवले तर हे पाचही सारखेच पसरतात. वायू हलका असो की जड, जळणारा असो की जाळणारा, पसरण्यात भेद नाही. एवढे मोठे सत्य हाती लागले, आणि त्याने ते कुठेही छापले नाही.

ते जगाला कळले पंधरा वर्षांनी, ज्योझेफ गे-ल्युसॅकमुळे. 1802 मध्ये तेवीस वर्षांचा हा तरुण रसायनशास्त्रज्ञ बर्टोलेच्या हाताखाली काम करत होता. वायूंच्या पसरण्याचे आकडे तोवर कोणाचे कोणाशी जुळत नव्हते. दोष कुठे आहे, हे त्याने हेरले. भांड्यांत ओल राहत होती. पाण्याचा एक थेंब राहिला तरी तापवल्यावर त्याची वाफ होते आणि ती वायूच्या हिशेबात मिसळते. त्याने वायू आणि भांडी काळजीपूर्वक कोरडी केली, आणि आकडे जुळले. शून्य अंशाला 100 माप असलेला वायू शंभर अंशाला 137.5 माप होतो. चार्ल्सला वाटत होते, की पाण्यात सहज विरघळणारे वायू वेगळे वागतात; गे-ल्युसॅकने अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइडसारखे वायू घेऊन तेही तसेच पसरतात हे दाखवले. त्याच सुमारास मँचेस्टरमध्ये जॉन डाल्टनही जवळपास याच निष्कर्षावर आला होता.

गे-ल्युसॅकला हा नियम स्वतःच्या नावावर करता आला असता. चार्ल्सचे काम छापलेले नव्हते, त्याची यंत्रसामग्री या मोजमापाला पुरेशी नव्हती, आणि विचारायला कोणी येणार नव्हते. तरी आपल्या निबंधात त्याने नोंदवले, की चार्ल्सने पंधरा वर्षांपूर्वी हे पाहिले होते आणि आपल्याला ते केवळ योगायोगाने कळले. आपल्या पाठ्यपुस्तकातले ‘चार्ल्सचा नियम’ हे शब्द त्या नोंदीवर उभे आहेत. परीक्षेत दोन गुणांसाठी तो नियम लिहिणाऱ्या मुलांना ही गोष्टही सांगायला हवी, असे मनापासून वाटते.

137.5 हा आकडा थोडा जास्त होता. त्यावरून दर अंशाला सुमारे 267 वा भाग निघतो. 1840 च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ रेन्योने बारकाईने मोजल्यावर तो 273 वा भाग ठरला. मग हिशेब सरळ आहे. शून्याखाली 273 अंश गेले तर वायूचे आकारमान कागदावर संपते. प्रत्यक्षात वायू त्याआधीच द्रव होतो, पण थंडीला तळ असतो ही कल्पना त्या आकड्यात होती. फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँने 1702 च्या सुमारास तिची चाहूल घेतली होती. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, 1848 मध्ये तिच्यावर तापमानाची नवी मोजपट्टी बसवली.

गे-ल्युसॅकलाही फुग्याने ओढून घेतलेच. ऑगस्ट 1804 मध्ये तो पदार्थवैज्ञानिक बिओबरोबर उडाला आणि 16 सप्टेंबरला एकटा, चार्ल्ससारख्याच हायड्रोजनच्या फुग्यातून. या खेपेला तो 7016 मीटरांवर पोहोचला. पारा साधारण 33 सेंटिमीटरांवर आला होता, थर्मामीटर शून्याखाली साडेनऊ अंश दाखवत होता. श्वास आणि नाडी जलद झाली होती, घसा इतका कोरडा की पावाचा घास उतरेना. त्याने आधीच हवा उपसून निर्वात केलेले काचेचे फुगे काढले, तिथल्या हवेत उघडले आणि पुन्हा बंद केले. रुआँच्या बाजूला तो सुखरूप उतरला. पॅरिसला आणून तपासल्यावर त्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण शहरातल्या हवेइतकेच निघाले. तपासण्याआधी त्याने काच पाण्याखाली उघडली होती, तेव्हा पाणी आत घुसले आणि निम्म्याहून अधिक जागा भरून थांबले.