टपाली मतं आणि मतमोजणी: शंका असेल तर नेमकं काय तपासायचं?

निकाल लागला की मलकापूर-कराडकडे एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "आपलं मत मोजलं तरी गेलं का?" नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर तो राज्यभर विचारला गेला. संध्याकाळी पाचपर्यंतचं मतदान ५८.२२ टक्के सांगितलं होतं, अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने तर गावापुरतं मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. शंका घेणं हा मतदाराचा हक्कच आहे. पण ती कागदावर तपासावी लागते.

टपाली मत कोणाला?
लोकसभा-विधानसभेला सैन्यातले जवान, निवडणूक ड्युटीवरचे आम्ही शिक्षक व इतर कर्मचारी, ८५ वर्षांवरील ज्येष्ठ आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेले मतदार यांना ही सोय आहे. ज्येष्ठ व दिव्यांगांनी अधिसूचनेनंतर ५ दिवसांत बीएलओकडे नमुना १२ डी भरून द्यायचा. मग कर्मचारी घरी येऊन मत घेतात. आखाती देशांत नोकरीला असलेल्या आपल्या मुलांना मात्र टपाली मत नाही. परदेशी मतदार म्हणून नाव नोंदवलं असलं तरी पासपोर्ट घेऊन इथल्या केंद्रावर यावं लागतं.

मत बाद कसं होतं?
टपाली मतपत्रिका आतल्या पाकिटात आणि सही केलेलं घोषणापत्र बाहेरच्या पाकिटात ठेवायचं असतं. घोषणापत्र नसेल, सही-साक्षांकन नसेल किंवा अनुक्रमांक जुळत नसेल, तर आतलं पाकीट न उघडताच मत बाद होतं. मोजणी सुरू होण्याच्या वेळेनंतर आलेलं पाकीटही धरत नाहीत.

४८ मतांचा निकाल
२०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्य मतदारसंघात मशीनच्या मोजणीत अमोल कीर्तिकर फक्त १ मताने पुढे होते. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. बाद टपाली मतं होती १११. विजयाचं अंतर बाद मतांपेक्षा कमी असेल तर ती बाद मतं पुन्हा तपासावीच लागतात. कीर्तिकरांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली.

सप्टेंबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने नियम कडक केला: टपाली मतमोजणी पूर्ण झाल्याशिवाय मशीनच्या मोजणीची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही.

मशीनची तपासणी
मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७ सी मध्ये एकूण मतं लिहून हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला प्रत देतो. मोजणीच्या टेबलावर मशीनचा आकडा याच कागदाशी जुळवायचा. शिवाय प्रत्येक विधानसभा क्षेत्रात चिठ्ठी टाकून निवडलेल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. नगरपरिषद निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसतं, म्हणून तिथे केंद्रावरच्या हिशेबाच्या कागदाला जास्त महत्त्व.

निकालानंतर
दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार ७ दिवसांत शुल्क भरून ५ टक्के मशीनची तपासणी मागू शकतो. विधानसभा-लोकसभेच्या निकालाला उच्च न्यायालयात ४५ दिवसांत आव्हान देता येतं.

आपल्या मोहल्ल्यातली शिकलेली मुलं पोलिंग एजंट म्हणून बसत असतील, तर १७ सी ची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नका, एवढं त्यांना आजच सांगून ठेवा. घरात ८५ च्या पुढचे दादा-दादी असतील तर बीएलओचा नंबरही आत्ताच लिहून ठेवा.