जोडणीचा संगणक आणि क्षेपकांचा खेळ

नंदुरबार-शहाद्याकडे एखाद्या घरी संगणक आला की पूर्वी पहिला प्रश्न ठरलेला असे : 'कंपनीचा की असेंबल?' 'कंपनीचा' हे उत्तर देणाऱ्याचा आवाज आपोआप चढे. 'असेंबल' म्हणणारा मात्र लगेच पुढे किंमत सांगून टाकी. जणू किंमत हीच त्या उण्या गोष्टीची सबब होती. सुटे भाग आणून स्थानिक दुकानदाराने किंवा घरच्याच मुलाने जुळवलेला हा संगणक आपल्याकडे नेहमीच दुय्यम मानला गेला. त्यावर चालणारा संगणकीय खेळ त्याहून दुय्यम, आणि त्या खेळाच्या फायली उघडून त्यात फेरफार करणे, ज्याला खेळणारे 'मॉड' म्हणतात, ते तर निव्वळ रिकामपणाचे लक्षण. या तिन्ही दुय्यम गोष्टींचा परस्परांशी असलेला संबंध तपासण्याचा येथे विचार आहे. साहित्याच्या अभ्यासकांना विषय परका वाटेल. पण मूळ संहिता, तिच्यात पडलेली भर आणि त्या भरीचा अधिकार हे प्रश्न आपलेच आहेत.

प्रथम यंत्राविषयी. ज्या दोन संगणकांचा महाराष्ट्राला रास्त अभिमान आहे ते दोन्ही एका अर्थी जोडणीचेच होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० साली कार्यान्वित झाला. बाहेरून तयार यंत्र विकत न घेता अभियंत्यांनी येथेच उभारलेले ते यंत्र. पुढे अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यास अडचणी उपस्थित केल्यावर १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक'ची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यातील युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. एकच अतिप्रचंड प्रक्रियक घडवण्याऐवजी बाजारात मिळणाऱ्या 'ट्रान्सप्यूटर' नावाच्या लहान चिपा मोठ्या संख्येने एकमेकींना जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घ्यायचे. जे परवडत नाही ते परवडणाऱ्या भागांतून जुळवायचे, ही राष्ट्रीय पातळीवर गौरवली गेलेली दृष्टी. तीच घरगुती पातळीवर आली की तिला आपण 'असेंबल' म्हणून नाक मुरडतो.

घरगुती पातळीवर ती यायला मात्र बराच काळ जावा लागला. १९७८ साली आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला तेव्हा संगणक ही सामान्य माणसाच्या कल्पनेतलीही वस्तू नव्हती. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने आयातीचे दार किलकिले झाले, १९९१नंतर ते बरेच उघडले. १९९७ साली भारत माहिती-तंत्रज्ञान वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात सामील झाला आणि पुढील काही वर्षांत संगणकावरचे व त्याच्या सुट्या भागांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेले. सुट्या भागांचा बाजार यातून फुलला. मुंबईतील लॅमिंग्टन रोड (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, जुने नाव एका गव्हर्नराचे) पूर्वी रेडिओ आणि ध्वनियंत्रणेच्या सामानासाठी प्रसिद्ध होता, तो आता मदरबोर्ड, रॅम आणि हार्ड डिस्कच्या व्यापाराचे केंद्र बनला. तेथून आणि सुरतेहून हा माल लहान गावांकडे सरके. नंदुरबार सुरत-भुसावळ लोहमार्गावर असल्याने येथील माणसाला खरेदीसाठी सुरत मुंबईपेक्षा नेहमीच जवळची वाटत आली आहे.

आता एक योगायोग. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने 'सेलेरॉन ३००ए' हा स्वस्त प्रक्रियक बाजारात आणला आणि नोव्हेंबरमध्ये 'हाफ-लाइफ' हा खेळ प्रसिद्ध झाला. या तीन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. परंतु आपल्या विषयाची तिन्ही सूत्रे त्या सहा महिन्यांत हाती लागतात.

सेलेरॉन ३००ए हा गरिबांसाठीचा प्रक्रियक. तो ६६ मेगाहर्ट्झच्या संदेशवाहिनीवर चालावा आणि तिच्या साडेचार पट, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झ, वेग द्यावा अशी त्याची रचना. पण ज्यांनी पेटी उघडून पाहिली त्यांना लवकरच उमगले, की मदरबोर्डावर ही वाहिनी १०० मेगाहर्ट्झला लावली तर साडेचाराचा गुणक तोच राहून वेग थेट ४५० वर जातो, आणि बहुतेक चिपा तो सहन करतात. म्हणजे महागड्या पेंटियमशी बरोबरी करणारे यंत्र स्वस्त पेटीतच दडलेले होते. कंपनीचा संगणक घेणाऱ्याला हे गुपित कळण्याचा संभव कमी; कारण त्याच्या पेटीवर 'सील तुटल्यास हमी रद्द' अशी चिठ्ठी असे. जोडणीच्या संगणकाला सीलच नव्हते.

'हाफ-लाइफ'ची कथाही अशीच. हा खेळ स्वतःच 'क्वेक' या आधीच्या खेळाच्या यंत्रणेत फेरफार करून उभा राहिलेला. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघा हौशी तरुणांनी त्यावर भर घालून जून १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' लोकांपुढे ठेवला. त्याची लोकप्रियता एवढी वाढली की नोव्हेंबर २००० मध्ये मूळ कंपनीने तो आपला म्हणून दुकानात आणला. पुढे भारतातल्या सायबर कॅफेंत तासाच्या भाड्याने जो खेळ खेळला गेला, ज्याने कित्येकांची अकरावी बुडवली, तो मुळात एक क्षेपक होता!

क्षेपक हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या आणि मध्यंतरी घुसलेले अपपाठ दूर केले. ग्रंथात कोणी नवी ओवी घालू नये अशी ताकीदही त्या शुद्ध प्रतीच्या शेवटी आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा वेगळीच सोय केली. प्रक्षिप्त ठरलेले श्लोक फेकून न देता ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. मॉडची यंत्रणा या दुसऱ्या पद्धतीच्या जवळ जाते. १९९३ सालच्या 'डूम' या खेळाने नकाशे, चित्रे आणि आवाज मूळ कार्यप्रणालीपासून वेगळ्या फायलीत ठेवले होते. त्यामुळे मूळ संहितेला धक्का न लावता आपली फाइल तिच्या वर चढवता येई. आजही बहुतेक खेळांत हाच क्रम चालतो : मॉडची एक यादी असते, आणि एकाच गोष्टीबद्दल दोन मॉडचे म्हणणे वेगळे असेल तर सहसा नंतर वाचले जाणारे खरे ठरते. कोणता पाठ कोणावर मात करतो याचा हिशेब लावत रात्र घालवणारा मुलगा पाठचिकित्सेच्या पहिल्या धड्याशीच झगडत असतो. त्याला ते सांगणारा कोणी भेटत नाही, एवढेच.

आता परवडण्याच्या प्रश्नाकडे येऊ. कारण मॉडच्या खेळासाठी कोणते यंत्र हवे हा प्रश्न मूळ खेळाच्या गरजेहून वेगळा आहे आणि त्याचे उत्तर काळागणिक बदलत गेले. मे २००३ मध्ये संगणकासाठी आलेल्या 'व्हाइस सिटी'ला किमान ८०० मेगाहर्ट्झचा प्रक्रियक, १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचे ग्राफिक्स कार्ड लागे. त्या काळच्या जोडणीच्या संगणकात पहिल्या दोन गोष्टी असत. तिसरीच्या जागी मदरबोर्डावरच चिकटवलेली, रॅममधूनच उसनवारी करणारी चित्रयंत्रणा असे. जाणता दुकानदार अशा वेळी एक सल्ला देई, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवहाराचे मर्म त्यातच आहे : कार्ड आज नको, पण मदरबोर्ड असा घ्या की त्यावर कार्डाचा खाचा रिकामा असेल. कापसाचे पैसे आले की कार्ड बसेल. पुढच्या वर्षी रॅमची दुसरी पट्टी. परवडणारा संगणक म्हणजे स्वस्त संगणक नव्हे. तो विचारपूर्वक अपुरा सोडलेला संगणक होय. कंपनीच्या यंत्राची किंमत एकरकमी मोजावी लागे, याची मोजणी हंगामाप्रमाणे होई.

शिवाय खानदेशचे हवामान. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पलीकडे, वर धूळ, आणि २००५नंतरच्या वर्षांतले ते बारा-बारा तासांचे भारनियमन. येथे यूपीएस ही चैन नव्हती, यंत्राचाच अवयव होता. कॅबिनेटची एक बाजू कायमची काढून समोर टेबलफॅन लावलेला संगणक ज्याने पाहिला नाही त्याने त्या दशकातला खानदेश पाहिला नाही. बचत नेमकी चुकीच्या जागी केली जाई ती कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर. चढ-उताराच्या विजेत तो गेला की सोबत मदरबोर्डही नेई. यंत्राचा सर्वांत निर्बुद्ध भाग सर्वांत चांगला घ्यावा, हा जोडणीशास्त्राचा नियम आजही तितकाच खरा आहे.

त्या काळच्या व्यवहारात चोरीच्या प्रतींचा मोठा वाटा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. 'व्हाइस सिटी'तल्या गाड्या, पाट्या आणि गाणी बदलून देशी शहरांच्या नावाने फिरणाऱ्या सीडींचा बाजार अधिकृत नव्हता. कायद्याच्या बाजूने त्याचे समर्थन करता येणार नाही. तरीही मायामीच्या धर्तीवरच्या शहरात कोणाला तरी आपली रिक्षा फिरावीशी वाटली, ही वाङ्मयीन घटना आहे असे मला वाटते.

२०११ साली यंत्राची मागणी पालटली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये 'स्कायरिम' आणि 'माइनक्राफ्ट'ची पूर्ण आवृत्ती एका आठवड्याच्या अंतराने आली, आणि दोन्हींच्या मॉडचा पसारा आजतागायत थांबलेला नाही. येथे कळीची वस्तू स्मृती ठरली. मूळ माइनक्राफ्ट साध्या यंत्रावर चालतो. पण तो जावा भाषेत लिहिलेला असून दीडदोनशे मॉडचा संच चढवला की त्याला एकट्याला सहा-आठ जीबी रॅम नेमून द्यावी लागते. स्कायरिममध्ये दगड-झाडांची चित्रे अधिक बारकाव्याची केली की भार ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीवर पडतो, आणि पात्रांच्या वागण्यात भर घातली की प्रक्रियकावर. म्हणून मॉडसाठी यंत्र निवडणाऱ्याने आधी आपल्याला चित्रे बदलायची आहेत की वर्तन, हे ठरवावे. मूळ खेळाच्या डब्यावर छापलेली किमान गरज त्याच्या उपयोगाची नाही. ती मूळ संहितेची गरज असते, सटीप आवृत्तीची नव्हे.

अलीकडच्या काळात लहान गावांतल्या मुलांना दोन मार्ग उपलब्ध झाले. एक, शहरांतल्या कचेऱ्यांनी मोडीत काढलेला चारपाच वर्षांचा संगणक घ्यायचा आणि त्यात २०१९ सालच्या 'जीटीएक्स १६५०'सारखे कार्ड बसवायचे. त्याच्या बहुतेक नमुन्यांना ७५ वॅट पुरतात आणि ते मदरबोर्डाच्या खाचातूनच मिळतात, वेगळी वीजतार लागत नाही. दुसरा, 'रायझेन ५ ५६००जी'सारखा पोटातच बऱ्यापैकी चित्रयंत्रणा असलेला प्रक्रियक घेऊन कार्डाचा खाचा पुन्हा रिकामा ठेवायचा. जुनीच युक्ती, नव्या नावाने. २०२५च्या अखेरीस मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतीच्या चिपा ओढून घेतल्यामुळे रॅमचे भाव भडकले, आणि मॉडला जी वस्तू सर्वाधिक लागते तीच महाग झाली. अशा वेळी दुसऱ्या पट्टीची जागा मोकळी ठेवलेला बोर्डच बरा.

परंतु खरी अडचण भावाची नाही. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले आणि नंदुरबारचे नाव संगणकाच्या इतिहासात नोंदले गेले. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे टिपणारी ती यंत्रे माणसाला वाचणारी होती. माणसाने ती वाचावीत अशी अपेक्षा नव्हती. त्यानंतर आमच्या वर्गात आलेल्या पिढ्यांच्या हाती प्रामुख्याने मोबाइल आहे. तोही तसाच बंद. पातळ लॅपटॉपांतली रॅमदेखील आता पुष्कळदा बोर्डावर डाखलेली असते. एम.ए.च्या वर्गात 'फाइल कोठे साठवली?' असे विचारले की बहुतेक चेहरे कोरे असतात. ज्या एकदोघांना उत्तर येते ते हमखास खेळांत मॉड चढवणारे निघतात. फोल्डर, प्रत, आवृत्ती, मूळ आणि भर या कल्पना त्यांना हाताने माहीत असतात. यांना मी हल्ली प्रकल्पासाठी संहिता-संपादनाचे काम देतो, आणि ते इतरांहून बरे करतात.

मोठ्या खेळांच्या भाषायादीत अहिराणी, मावची किंवा पावरी नसते. असण्याचा संभवही दिसत नाही. मॉडला मात्र यादीची परवानगी लागत नाही. माइनक्राफ्टमधले सारे शब्द एका साध्या मजकुराच्या फायलीत असतात : डाव्या बाजूला वस्तूचे संकेतनाम, उजव्या बाजूला खेळणाऱ्याला दिसणारे नाव. उजवीकडचे शब्द बदलून ती फाइल खेळावर चढवली की कुऱ्हाडीला, कोंबडीला, पावसाला घरचे नाव मिळते. जोडाक्षरे तपासून घ्यावी लागतात, आणि दर नव्या आवृत्तीत काही नवे शब्द येऊन पडतात. फाइल नोटपॅडमध्ये उघडते. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागत नाही.