पौर्वात्य वेशातील स्त्रीव्यक्तिचित्र

पाश्चात्त्य पद्धतीच्या व्यक्तिचित्रणात स्त्रीला तुर्की, हिंदी वा जपानी पोशाखात रंगवण्याची प्रथा. युरोपात तिला अठराव्या शतकात बहर आला. ब्रिटिश वकिलाची पत्नी मेरी वर्टली माँटेग्यू 1717-18 मध्ये इस्तंबूलला राहून आली आणि तुर्की वेशातली तिची चित्रे निघाली. जिनीव्हाचा चित्रकार ल्योतार तर तिथे काही वर्षे काढून स्वतःच दाढी वाढवून तुर्की झग्यात वावरू लागला. पुढे काश्मिरी शालीचे वेड आले. अँग्रच्या ‘मादाम रिव्हिएर’मध्ये (1806) ती दिसते. मोनेने 1876 मध्ये पत्नी कामीला लाल किमोनो घातला, वर सोनेरी केसांचा टोप चढवला. तिचे स्वतःचे केस काळसर होते. वेश परका असला तरी बाई युरोपीयच, हे कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून हा खटाटोप असावा. एकूण हा सोंगाचा मामला.

पुण्यात गोष्ट उलटी. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (1747-1795) पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने येथे आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे त्याने काढली, तशीच मॅलेटची हिंदी सहचारिणी अंबर कौर हिचीही. रंगवणारा परका, पोशाख मात्र बसणारीचा स्वतःचा. पुढे, 1799 मध्ये, मॅलेटने लग्न केले ते वेल्सच्याच मुलीशी, सुझॅनाशी.

शतकभराने कुंचलाही हिंदी हातात आला. राजा रविवर्मा (1848-1906) यांनी तैलरंग आत्मसात केले आणि पौराणिक नायिकांना नेसवली ती बहुधा मराठी धाटणीची साडी. लघुचित्रातल्या सपाट रंगात न येणारे रेशमाचे वजन, निऱ्यांची घडी, जरीची चमक तैलरंगाने दाखवली. त्यांच्या मुंबईतल्या छापखान्यातून (1894) निघालेल्या चित्रांनी हाच वेश घरोघरच्या देव्हाऱ्यात नेला. दमयंतीचे माहेर विदर्भात, म्हणून तिला तो शोभतो. शकुंतलेचे काय, हा प्रश्न मात्र उरतो.

सावळाराम हळदणकर (1882-1968) यांचे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील, हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे चित्र याच परंपरेतले. त्यांची मुलगी गीता त्यासाठी साडी नेसून उभी राहिली. हे चित्र पुष्कळ जण रविवर्म्याचे आणि तैलरंगातले समजतात. प्रत्यक्षात ते जलरंगात आहे.