टर्मिनलवरची नागरी आणि रिद्धपूरची सकळ लिपी

लेखनाचे साधन आहे तसे न वापरता आपल्या कामाच्या सोयीने, ठरावीक नियम लावून, बदलून घेण्याची प्रथा मराठीत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचे सर्वांत ठसठशीत उदाहरण वऱ्हाडातील रिद्धपूरशी जोडलेल्या महानुभाव परंपरेत सापडते. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील या गावी गोविंदप्रभूंचे वास्तव्य होते, आणि पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचे ‘लीळाचरित्र’ हे संकलन म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथेच सिद्ध केले. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरवायला सुरुवात केली. सकळ, सुंदरी, अंक, वज्र अशा अनेक लिप्यांची नावे परंपरेत आढळतात, आणि त्यांपैकी सर्वाधिक वापरल्या गेलेल्या सकळ लिपीचे श्रेय चौदाव्या शतकातील रवळोबास यांना दिले जाते. या लिपीचा गाभा म्हणजे एका अक्षराजागी ठरलेले दुसरे अक्षर लिहिणे. ज्याच्याजवळ किल्ली, म्हणजे अदलाबदलीची तालिका, त्याला पोथी वाचता येई; इतरांच्या हाती ती पडली तरी बंदच राही. ही किल्ली शतकानुशतके गुरुशिष्यांत राहिली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती उलगडल्यानंतरच पंथाबाहेरच्या अभ्यासकांना हे वाङ्मय खुले होऊ लागले.

संगणकाच्या जगात अशा तालिकांची जागा शेलच्या मांडणी-फाइलींनी घेतली. शेल म्हणजे वापरणाऱ्याने कळफलकावरून टंकलेली आज्ञा वाचून ती यंत्रणेकडे पोहोचवणारा कार्यक्रम, आणि टर्मिनल म्हणजे ज्या पडद्यावर ही देवघेव मजकुराच्या रूपात चालते तो पडदा. 1964च्या आसपास लुई पूझँ यांनी आज्ञांची यादी फाइलमधून वाचून चालवणारे ‘रनकॉम’ हे साधन लिहिले, आणि त्याच्या नावातील आद्याक्षरे आजच्या ‘डॉट-बॅशआरसी’सारख्या फाइलींच्या शेवटी टिकून आहेत. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी 1971 मध्ये युनिक्स या संगणक-प्रणालीचा पहिला शेल दिला, तरी वापरणाऱ्याला स्वतःचे वातावरण रचण्याची खरी मोकळीक 1970च्या दशकाच्या अखेरीस मिळाली. बिल जॉय यांच्या सी-शेलमध्ये लांब आज्ञेला आखूड पर्यायी नाव देण्याची सोय आणि पूर्वीच्या आज्ञांची नोंद आली, तर 1979च्या बोर्न शेलने लॉगिन होताच वाचली जाणारी ‘डॉट-प्रोफाइल’ फाइल रूढ केली. ब्रायन फॉक्स यांचा बॅश 1989चा आणि पॉल फॉलस्टॅड यांचा झेडशेल 1990चा.

या सर्व सोयी इंग्रजी अक्षरांपुरत्या निर्वेध होत्या. मराठी वापरणाऱ्यापुढची अडचण त्याहून खालच्या थरातली होती. टर्मिनलचा पडदा समान रुंदीच्या चौकटींत विभागलेला असतो आणि एका चौकटीत एक अक्षर बसते, हे त्याचे मूळ गृहीत आहे. नागरीत मात्र ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनामागून येऊनही लिहिताना त्याच्या आधी बसते, अनुस्वार आणि रफार डोक्यावर चढतात, आणि जोडाक्षराची रुंदी किती चौकटींची धरायची हे ठरलेले नसते. शिवाय आरंभीच्या वैयक्तिक संगणकाच्या मजकुरी पडद्यावर एका वेळी 256 आकृत्याच मावत, आणि त्यांत नागरीची जोडाक्षरे बसवणे शक्य नव्हते.

यावरचा भारतीय तोडगा आधी यंत्राच्या रूपात आला. कानपूरच्या आयआयटीमध्ये सुरू झालेले हे काम 1988 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत ‘जिस्ट’ या नावाने वाढले, आणि तिचे संस्थापक प्रमुख विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे, म्हणजे वऱ्हाडचेच. संगणकात बसवायचे जिस्ट कार्ड मजकूर पडद्यावर जाण्याआधी मध्येच अडवून नागरीत रचून दाखवी, त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे कार्यक्रम न बदलता त्यांत मराठी भरता येई. अक्षरांना अंक देण्याची ‘इस्की’ ही सांकेतिक पद्धती 1991 मध्ये भारतीय मानक ठरली. या कामाचे महत्त्व मराठीच्या इतिहासलेखनात अजून पुरेसे नोंदले गेलेले नाही.

पुढचा टप्पा युनिकोडचा, म्हणजे निरनिराळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकाच यादीत क्रमांक देणाऱ्या मानकाचा. 1992 मध्ये थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी त्यासाठी यूटीएफ-8 ही रचना केली, आणि कालांतराने कार्ड करी ते काम काही ओळींच्या मांडणीवर आले. शेलच्या फाइलीत भाषा व प्रदेश सांगणारा ‘लँग’ हा चल यूटीएफ-8 धरून ठरवला की मराठी नावाच्या फाइली आणि नागरी पर्यायी आज्ञा चालतात. पूर्ण मराठी मांडणी निवडली तर महिन्यांची नावेही मराठीत येतात. अक्षरांचा प्रकार आणि संदेशांची भाषा यांचे चल वेगळे असल्याने अनेक जाणकार मजकूर यूटीएफ-8 ठेवून त्रुटीचे संदेश मात्र इंग्रजीतच राहू देतात, आणि तसे करणे शहाणपणाचे आहे, कारण उपाय शोधताना मूळ संदेशच उपयोगी पडतो. चौकटींची अडचण मात्र सुटलेली नाही: काही टर्मिनले नागरी नीट जोडून दाखवतात, काही आजही वेलांटी भलत्या ठिकाणी टाकतात, आणि लिनक्सच्या मूळ मजकुरी पडद्यावर 512हून अधिक आकृत्यांचा टंक चालत नाही.

याच साधनांनी सकळ लिपीकडे परत पाहता येते. पोथीतील चिन्हे नागरी अक्षरांत टंकून घेतली, तर एकास एक अदलाबदलीचा भाग ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या साधनाच्या ‘वाय’ आज्ञेने एका ओळीत उलटवता येतो. त्याच कामाचे वाटणारे ‘टीआर’ साधन लिनक्सवर अख्खे अक्षर न धरता बाइटनिहाय चालत असल्याने नागरी बिघडवते. युनिकोडमध्ये मात्रा व्यंजनापासून वेगळी नोंदली जाते, म्हणून व्यंजन बदलले तरी काना-वेलांटी जागेवर राहते. जेथे एकच खूण पूर्ण शब्दासाठी येते तेथे मात्र स्वतंत्र नियम लिहून तो आधी चालवावा लागतो, नाहीतर अक्षरांचा नियम तिलाही गिळतो. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली ‘लीळाचरित्र’ची आवृत्ती 1978 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि असे काम तिच्यासारख्या छापील पाठाशी ताडून पाहता येते. राज्याच्या 2023च्या अर्थसंकल्पात घोषित झालेले मराठी भाषा विद्यापीठ आता रिद्धपुरातच आहे. त्याने निरनिराळ्या लिप्यांच्या किल्ल्या साध्या मजकूर-फाइलींत, कोणालाही चालवून पाहता येतील अशा नियमांसह, प्रसिद्ध करण्याचे काम हाती घ्यावे.